तिठ्यावरच्या चुन्याच्या दोन खुणा
एका किनाऱ्यावरच्या वाडीने गाड्यांचा वेग मोजला, त्याचं प्रकरण

मालवण आणि देवगडच्या मधल्या पट्ट्यात, सागरी महामार्गाला लागून आमची वाडी आहे. वाडीचं नाव मी मुद्दाम देत नाही. ज्यांच्या गाड्यांबद्दल पुढे लिहिलंय त्यातले बरेच जण आमचेच शेजारी आणि नातेवाईक आहेत. मी इथल्या माध्यमिक शाळेत विज्ञान आणि गणित शिकवते. वेग मोजायच्या कामात मी पहिल्यापासून होते, म्हणून हे टिपण माझ्याकडे आलं.

रेवसपासून रेडीपर्यंत जाणारा हा रस्ता कागदावर प्रमुख राज्य मार्ग आहे. आमच्या हद्दीत मात्र समोरासमोर दोन मोठ्या गाड्या आल्या तर एकीला गटाराच्या कडेला उतरावं लागतं. एका अंगाला चिऱ्यांचा गडगा, दुसऱ्या अंगाला गटार आणि त्यापलीकडे भाताचे कुणगे. साइडपट्टी नावापुरती, तीही पावसाळ्यात गवताखाली जाते. वाडीच्या मधोमध बंदराकडे उतरणारा रस्ता फुटतो, तो आमचा तिठा. तिठ्यावर एसटीचा थांबा, रेशनचं दुकान, थोडं पुढे शाळा. तिठ्याच्या उत्तरेला कुणग्यांच्या कडेने सरळ रस्ता आहे, आणि सरळ संपता संपता एक वळण. वळण संपलं की लगेच तिठा.

रस्त्याला खड्डे होते तोवर या वळणाची कुणाला भीती नव्हती. खड्डेच गाडीला हळू करायचे. मग नवं डांबर पडलं. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. शाळेत येताना स्कूटरवर पाठ दुखायची ती थांबली. पण चार महिन्यांत वाडीतली माणसं रस्ता ओलांडायची रीत बदलायला लागली. आमच्या शेजारची आजी पहाटे मासळीची पाटी घेऊन बंदरावर जाते. तिला एकदा तिठ्यावर हात वर करून नुसतीच उभी पाहिली. विचारलं तर म्हणाली, “माका गाडी दिसता, पण ती कितक्या जोरात येता तां कळना नाय. म्हणान हात करून उबी रवतंय.”

पुढे वाचलेल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा हे वाक्य मला जास्त उपयोगी पडलं. गाडी लांब आहे की जवळ, हे माणसाला बऱ्यापैकी कळतं. ती किती वेगाने जवळ येते आहे, हे समोरून पाहताना फार कमी कळतं, कारण समोरून येणारी गाडी सरकताना दिसत नाही, फक्त हळूहळू मोठी होताना दिसते. म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना तर आणखीच कमी.

आधी केलेली चूक

वेग मोजायचा विचार आम्हाला आधी सुचला नाही. आधी सुचला तो गतिरोधक. ग्रामपंचायतीत तोंडी मागणी झाली, दोनदा अर्ज झाला, उत्तर आलं नाही. मग एका रात्री वाडीतल्या चार पोरांनी उरलेली खडी आणि सिमेंट घालून तिठ्याच्या अलीकडे आडवा उंचवटा बांधला. कुणी बांधला ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी विरोध केला नाही. मीही केला नाही.

तो उंचवटा हातभर रुंद आणि वीतभरापेक्षा थोडा कमी उंच होता. रस्त्यांची मानकं ठरवणारी अभियंत्यांची संस्था म्हणजे भारतीय रस्ते काँग्रेस. तिच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गतिरोधकाचं माप दिलेलं आहे: उंची 10 सेंटिमीटर आणि रुंदी 3.7 मीटर, वरचा आकार 17 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाच्या तुकड्यासारखा. असा गतिरोधक ताशी 25 किलोमीटरने आरामात पार होतो. म्हणजे उंची आमच्या उंचवट्यापेक्षा कमी, आणि चढ आणि उतार मिळून त्याची रुंदी दोन माणसं आडवी झोपतील एवढी. त्यावर गाडी चढते आणि उतरते. आमच्या उंचवट्यावर गाडी आदळत होती. रंग नाही, फलक नाही, दिवा नाही.

आठवड्याच्या आत, संध्याकाळी उजेड गेल्यावर, शेजारच्या गावातलं एक जोडपं मोटरसायकलवरून आलं. मागे बसलेल्या बाई उडून रस्त्यावर पडल्या. मनगट मोडलं, कपाळ फुटलं. पुढची दहा मिनिटं मला अजून टोचतात. सात-आठ माणसं जमली होती आणि कुणी गाडी काढेना, पोलीस केस आपल्या अंगावर येईल या धास्तीने. खरं तर अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्येच सरकारच्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या, आणि मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 134अ हे कलम आलं. दवाखान्यात पोचवणाऱ्याला स्वतःचं नाव सांगायचीही सक्ती नाही. आमच्यातल्या एकालाही हे माहीत नव्हतं. शेवटी एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर काका आपली गाडी घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच चार पोरांनी पहारीने उंचवटा फोडून काढला. त्या बाईंच्या घरी आम्ही पाच जण जाऊन आलो. परत येताना गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग काका म्हणाले की गाड्या जोरात जातात असं आपण सगळे म्हणतो, पण जोरात म्हणजे किती, कुठली गाडी, कुठल्या वेळी, हे आपल्याला कुठे ठाऊक आहे? एवढ्या एका प्रश्नावर पुढचं सगळं उभं राहिलं.

मोजायचं कसं

ब्रिटनमध्ये गावोगावचे स्वयंसेवक पोलिसांच्या देखरेखीखाली वेग मोजतात. चमकणारी जाकिटं घालून, पोलिसांनी मान्य केलेल्या जागी उभे राहतात. मर्यादा ओलांडणाऱ्या गाडीचा नंबर टिपून पोलिसांकडे देतात, आणि पोलीस मालकाला समज देणारं पत्र पाठवतात. दंड नसतो. मला ही कल्पना फार आवडली, पण ती जशीच्या तशी इथे उचलण्यात दोन अडचणी होत्या. नंबर टिपून पुढे काय करायचं, त्याची व्यवस्था आमच्यामागे नव्हती. आणि दुसरी अडचण मोठी: तीन घरांमागे एक जुना वाद असलेल्या वाडीत कुणी कुणाच्या गाडीचा नंबर लिहायला लागलं की तो कागद रस्त्याचा राहत नाही, भाऊबंदकीचा होतो. म्हणून पहिल्याच बैठकीत ठरलं की नंबर लिहायचा नाही, फोटो काढायचा नाही, गाडी अडवायची नाही. फक्त गाडीचा प्रकार, वेळ आणि सेकंद. शाळेतलं एकही मूल मोजायला रस्त्यावर उभं करायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं.

स्पीडगन आमच्याकडे नव्हती आणि तिची गरजही पडली नाही. सरळ रस्त्यावर मोरीपासून विजेच्या एका खांबापर्यंत टेपने 100 मीटर मोजले. रस्त्यावर काही रंगवायला परवानगी लागते, म्हणून दोन्ही टोकांना गडग्यावर चुन्याचे पट्टे ओढले. तांबड्या चिऱ्यावर पांढरा चुना लांबून स्वच्छ दिसतो. गाडीचं पुढचं चाक पहिल्या खुणेशी आलं की काकांनी रुमाल खाली आणायचा, मी दुसऱ्या खुणेशी मोबाइलमधलं स्टॉपवॉच सुरू करायचं, आणि चाक माझ्यासमोर आलं की बंद करायचं. हिशोब सोपा आहे. 360 ला सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर मिळतात. 9 सेकंद लागले तर वेग 40, 7.2 लागले तर 50, 6 लागले तर 60, 5 लागले तर 72.

शंभरच मीटर का, हे सांगायला हवं, कारण दुसऱ्या एका गावाने नंतर आमच्याकडून पद्धत नेली आणि जागा नाही म्हणून 25 मीटरवर मोजलं. माणसाच्या हाताची चूक सेकंदाच्या दोन-तीन दशांशांची असतेच. 60 ने जाणारी गाडी 25 मीटर दीड सेकंदात पार करते. तिथे 0.2 सेकंदाची चूक झाली तर उत्तर 53 ते 69 यामधलं काहीही येतं. तीच चूक 100 मीटरवर झाली तर उत्तर 58 ते 62 मध्ये राहतं. अंतर चौपट केलं की चूक जवळपास चौथाई होते. जागा कमीच असेल तर मोबाइलवर चित्रण करून चित्रं मोजावीत. सेकंदाला 30 चित्रं धरली तर 25 मीटरला 45 चित्रं म्हणजे 60 चा वेग, आणि एका चित्राची चूक दोन टक्क्यांच्या आसपास. मात्र मोबाइल पट्ट्याच्या मधोमध आणि रस्त्यापासून जमेल तितका लांब हवा. खुणा रस्त्याच्या दोन्ही कडांना हव्यात, नाहीतर अलीकडून जाणारी गाडी आणि पलीकडून जाणारी गाडी यांचं अंतर वेगवेगळं भरतं.

पहिला दिवस फुकट गेला. आम्ही नारिंगी जाकिटं घालून रस्त्याच्या कडेला उभे राहिलो होतो, आणि प्रत्येक गाडी आम्हाला पाहून ब्रेक मारत होती. ब्रिटनमधल्या स्वयंसेवकांना तेच हवं असतं, म्हणून ते दिसतील असे उभे राहतात. आम्हाला आधी खरी स्थिती हवी होती. दुसऱ्या दिवसापासून काका एका घराच्या खळ्यात खुर्ची टाकून बसले आणि मी पलीकडच्या घराच्या पडवीत. रोज त्या वेळी तिथे कुणी ना कुणी बसलेलं असतंच, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी काकांनीच अडवलं. “बाई, घड्याळ बरोबर धावता काय, तां आधी बघया.” त्यांनी आपली गाडी काढली. मोबाइलवर उपग्रहावरून वेग दाखवणारं ॲप लावलं, कारण गाडीतला काटा सहसा खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवतो. बरोबर 40 धरून त्यांनी तो पट्टा सहा वेळा पार केला. 9 सेकंद यायला हवे होते. माझ्या घड्याळात 8.6 च्या आसपास येत राहिले. कारण उघड होतं. चाक खुणेशी येतं, काकांच्या जागी बसलेल्या माणसाचा हात खाली येतो, मला तो दिसतो, मग माझं बोट दाबतं. सुरुवातीला दोन माणसांचा उशीर होतो. शेवटी मात्र गाडी येताना दिसतच असते, त्यामुळे तिथे उशीर होत नाही. म्हणजे आमचं घड्याळ प्रत्येक गाडीला तिच्या खऱ्या वेगापेक्षा जास्त वेगवान ठरवत होतं. ही चूक गाड्यांच्या विरुद्ध जाणारी होती, आणि ती न पकडता आम्ही कागद पुढे नेला असता तर पहिल्याच माहितगार माणसाने तो परत केला असता. त्यानंतर प्रत्येक वेळेत 0.4 सेकंद मिळवायचं ठरलं, आणि दर रविवारी काका पुन्हा गाडी चालवून ते तपासायचे.

वर्गाच्या फरशीवर

मुलांना रस्त्यापासून लांब ठेवलं, पण हिशोब त्यांनीच केला. प्रत्येक गाडीची एक चिठ्ठी. दुचाकी पिवळ्या कागदावर, कार पांढऱ्या, टेम्पो निळ्या, डंपर आणि ट्रक तपकिरी. नववीच्या वर्गात बाकं भिंतीला लावली आणि मुलांनी शंभर-शंभर चिठ्ठ्या फरशीवर सेकंदांच्या क्रमाने लावल्या. सगळ्यात संथ गाडी दाराशी, सगळ्यात वेगवान फळ्याखाली. मग फळ्याकडून पंधरा चिठ्ठ्या बाजूला काढायच्या. त्यानंतरची चिठ्ठी ज्या वेगाची, त्याला रस्त्याचे अभियंते पंच्याऐंशीवा शततमक म्हणतात: शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या त्या वेगाने किंवा त्याहून हळू जातात. वेगमर्यादा ठरवताना जगभर हा आकडा पाहतात.

पाहावा, पण त्यावरून मर्यादा ठरवू नये, असं माझं मत आहे. त्या चिठ्ठ्यांमध्ये गाड्या आहेत; पाटी घेतलेली आजी नाही, सहाची एसटी धरायला पळणारी कॉलेजची पोरगी नाही. रस्त्यावरच्या अर्ध्या माणसांना वगळून काढलेला आकडा गावातल्या रस्त्याला पुरा पडत नाही.

मुलांच्या एका गोष्टीने मात्र आम्हा सगळ्यांची समजूत बदलली. चिठ्ठ्या लावून झाल्यावर एका मुलीने सहज म्हटलं, “बाई, फळ्याखाली सगळं निळं दिसतंय.” रंग वेळेसाठी नव्हते, गाडीच्या प्रकारासाठी होते, पण निळ्या चिठ्ठ्यांवरच्या वेळा पाहिल्या तर जवळजवळ सगळ्या पहाटे साडेपाच ते सातमधल्या. मासळीचे टेम्पो, नुसता बर्फ घेऊन बंदराकडे जाणारे, मासळी अजून न भरलेले. त्यांच्यामागे तपकिरी, दुपारचे डंपर. शाळेच्या वेळा, ज्यांच्यासाठी आम्ही गतिरोधक मागत होतो, त्या दाराशी होत्या. मुलं दिसतात, एसटी उभी असते, गाड्या आपोआप हळू होतात. पर्यटकांच्या गाड्या सुट्टीच्या दिवशी सरळ रस्त्यावर पळत होत्या खऱ्या, पण वळण दिसताच बिचकत होत्या. ज्याला वळण पाठ आहे तो बिचकत नाही.

मोसमाचंही तसंच. पश्चिम किनाऱ्यावर 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी असते. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते, म्हणून आम्ही जुलैमध्येच मोजायला बसलो असतो तर निळी चिठ्ठी क्वचितच हाती लागली असती आणि रस्ता बरा आहे असा निष्कर्ष निघाला असता. मार्च ते मेमध्ये आंब्याच्या पेट्या घेऊन वाशीला निघालेले ट्रक, गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या, डिसेंबरअखेर समुद्रावर येणारे लोक. कोकणातला रस्ता वर्षातून चार वेळा वेगळा असतो, आणि तो एकदाच मोजून भागत नाही.

वळणाचे सत्तर मीटर

वेग जास्त आहे हे कळलं, पण किती असायला हवा? याचं उत्तर आम्ही वळणावर शोधलं. ड्रायव्हरच्या डोळ्याच्या उंचीवर धरलेल्या काठीवरून, वळणातून बाहेर येताना तिठ्यावर ओलांडणारा माणूस पहिल्यांदा कुठून दिसतो ती जागा पाहिली. तिथून तिठ्यापर्यंत टेप धरला. 70 मीटर भरलं. मधे वळणाच्या आतल्या अंगाला घाणेरी आणि करवंदीची जाळी गडग्यावरून रस्त्यावर झुकली होती.

भारतीय रस्ते काँग्रेसने थांबायला लागणारं अंतर वेगागणिक दिलेलं आहे. ड्रायव्हरला दिसणं, कळणं आणि ब्रेक लागणं यासाठी अडीच सेकंद त्यात धरलेले आहेत. 40 ला 45 मीटर, 50 ला 60 मीटर, 60 ला 80 मीटर, 80 ला 120 मीटर. आमच्याकडे 70 होते. म्हणजे 50 ने येणारा थांबू शकतो, तोही जेमतेम, आणि 60 ने येणाऱ्याला या हिशोबाने 70 मीटर पुरत नाहीत. डांबरावरची तांबडी माती आणि वडाची पानं या हिशोबात धरलेलीच नाहीत. म्हणून आम्ही 40 मागायचं ठरवलं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग 1 टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे 4 टक्क्यांनी वाढतो, आणि पायी चालणाऱ्याला धडकणाऱ्या कारचा वेग 50 वरून 65 झाला तर त्याच्या मरण्याचा धोका साडेचार पट होतो. हे आकडे ग्रामसभेत सांगितले तेव्हा लोकांनी ऐकून घेतलं. वळणाचे 70 मीटर सांगितले तेव्हा मात्र चार माणसं उठून प्रत्यक्ष पाहायला गेली.

टेम्पोवाल्यांशी बोलणं हा कामातला सगळ्यात अवघड भाग होईल असं मला वाटलं होतं. संध्याकाळी काका आणि मी बंदरावर गेलो. जाळी विणणं चालू होतं, टेम्पो धुऊन उभे होते. एकाने सरळ विचारलं, “बाई, बर्फ थांबता काय?” त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. होड्या लागल्या की लिलाव सुरू होतो, उशिरा पोचला त्याला उरलेला माल मिळतो, आणि चुरा केलेला बर्फ वाटेत वितळतो. मी वहीत हिशोब केला. वाडीची लांबी 600 मीटर. 70 ने पार करायला 31 सेकंद लागतात, 40 ने 54 सेकंद. फरक 23 सेकंदांचा. वही त्याच्या हातात दिली. त्याने ती दुसऱ्याला दिली. “तेवीस सेकंदच?” असं दोघा-तिघांनी वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं. नंतर एक जण म्हणाला की आमच्या बायकाच पाट्या घेऊन त्या वेळी रस्त्यावर असतात. तेवढ्यावर बैठक संपली. कुठलं आश्वासन लिहून घेतलं नाही.

कागद

कागद तीन ठिकाणी गेला: रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयात, पोलीस ठाण्यात आणि परिवहन कार्यालयात. सोबत ग्रामसभेचा ठराव, हाताने काढलेला नकाशा, मोजणीच्या तक्त्यांच्या प्रती, 0.4 सेकंदांची दुरुस्ती का केली त्याचं पान आणि वळणाच्या 70 मीटरचं पान. या वेळी गतिरोधक मागितला नव्हता. गतिरोधकांच्या त्या सूचना मुळात दुय्यम रस्त्यांसाठी लिहिलेल्या होत्या, प्रमुख राज्य मार्गावर तो मागणं म्हणजे नकार मागून घेणं, हे आता कळलं होतं.

वेगमर्यादेचा मुद्दा मात्र नीट समजून घ्यावा लागला. केंद्र सरकारच्या 2018 च्या अधिसूचनेत ‘इतर रस्ते’ या गटात कारला कमाल 70 आणि दुचाकी व मालवाहू गाड्यांना कमाल 60 आहे. त्याहून कमी मर्यादा एखाद्या रस्त्यावर लावायची असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 112 खाली राज्य सरकारला किंवा त्याने अधिकार दिलेल्या प्राधिकरणाला राजपत्रात अधिसूचना काढावी लागते आणि फलक लावावे लागतात. ग्रामपंचायतीने लाकडी फळीवर ‘वाहने सावकाश चालवा’ लिहून चालत नाही. आम्ही आमच्या अर्जात कलमासकट 40 ची मर्यादा मागितली.

अपघातप्रवण स्थळाच्या यादीत तिठा का नाही, असं एका तरुणाने ग्रामसभेत विचारलं होतं. राष्ट्रीय महामार्गांसाठीची व्याख्या अशी आहे की सुमारे 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू व्हावे लागतात. देशात 2022 मध्ये रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यातली 71 टक्क्यांहून जास्त अतिवेगाच्या अपघातांत. त्या आकड्यात आपली भर पडल्यावरच दखल घेतली जावी, हे मला मान्य नाही. चिठ्ठ्या मोजल्या त्या यासाठीच.

काय बदललं, काय नाही

पहिलं काम अर्जाची वाट न पाहता झालं. वळणावरच्या जाळीच्या मालकाने परवानगी दिली आणि रविवारी वीसेक माणसांनी कोयते चालवले. नंतर पुन्हा टेप धरला, नजर नव्वद मीटरच्या पुढे गेली. इथे सावध राहावं लागतं. समोर मोकळं दिसायला लागलं की गाड्या आणखी जोरात यायला लागतात. दोन आठवड्यांनी मोजलं तेव्हा कारच्या चिठ्ठ्या थोड्या फळ्याकडे सरकल्याच होत्या.

दुसरा बदल एसटीचा. थांबा वळणाला अगदी लागून होता, आणि उतरलेली माणसं गाडीच्या मागून रस्ता ओलांडायची, म्हणजे वळणातून येणाऱ्याला दिसायचीच नाहीत. काकांनी आपल्या जुन्या सहकाऱ्यांशी बोलून गाडी तिठ्याच्या पलीकडे, रेशनच्या दुकानापुढे थांबवायला लावली. आठ दिवस लोक जुन्या जागीच उभे राहायचे, मग सवय झाली. खर्च शून्य, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा याचाच.

काही महिन्यांनी वळणाच्या आधी रस्त्यावर पांढऱ्या आडव्या जाड पट्ट्या आल्या, वळणाचा आणि शाळेचा फलक आला. पट्ट्यांवरून गाडी जाताना खडखड होते आणि ड्रायव्हरचा पाय ॲक्सिलरेटरवरून सुटतो. पण पट्ट्यांना लागून एक घर आहे, तिथे अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत, आणि रात्रीचा प्रत्येक ट्रक त्यांना जागा करतो. त्यांच्या सुनेने मला तोंडावर सांगितलं की तुमचं मोजणं आम्हाला महागात पडलं. ती बरोबर बोलली. जागा सुचवताना आम्ही घरं पाहिली नव्हती. पट्ट्या वळणाच्या दिशेने तीस मीटर पुढे घ्याव्यात असा नवा अर्ज केला आहे.

टेम्पोंपैकी निम्म्याहून जास्त आता वाडीतून हळू जातात. निळ्या चिठ्ठ्या फळ्याखालून उठून वर्गाच्या मध्यावर आल्या. डंपर जसेच्या तसे आहेत. त्यांचे मालक गावातले नाहीत, ड्रायव्हर खेपेवर पैसे घेतात, आणि 23 सेकंदांचा हिशोब दिवसाच्या दहा खेपांनी गुणला की त्यांना तो थोडा वाटत नाही. इथे आमच्या वहीचं बळ संपतं आणि परिवहन विभागाच्या वायुवेग पथकाने वेळ ठरवून तिथे उभं राहणं गरजेचं होतं. कुठल्या वारी, किती वाजता उभं राहावं, हे आम्ही तक्त्यासह कळवलं. पथक एकदा आलं, त्याच वेळी आलं, आणि त्या दुपारी दंड झाले. त्यानंतर आलेलं नाही. 40 च्या मर्यादेची अधिसूचनाही अजून निघालेली नाही. मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी फोन करते.

सागरी महामार्गावरच्या खाड्यांच्या नव्या पुलांची कामं राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहेत. ते पूल झाले की वळसे वाचतील आणि आज फक्त सुट्टीत दिसणाऱ्या गाड्या रोज दिसतील. तेव्हा तुलनेला आजचे आकडे हातात हवेत, म्हणून चिठ्ठ्या शाळेच्या कपाटात मोसमवार गठ्ठे बांधून ठेवल्या आहेत.

31 जुलैला बंदी संपते. 1 ऑगस्टच्या पहाटे काका पुन्हा खळ्यात आणि मी पडवीत बसणार आहोत. पावसाने गडग्यावरचा चुना धुऊन नेलाय. आदल्या संध्याकाळी टेप धरून तो नव्याने लावायचा आहे.